तपासणी झाली, पुढं?

जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचं वजन आणि उंची किती ठिकाणी लिहावी लागते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. प्रगतिपुस्तकात एकदा, नोंदवहीत एकदा, तपासणी पथक आलं की त्यांच्या कार्डावर एकदा आणि अलीकडं ऑनलाइन एकदा. वजनकाटा मात्र एकच, तोही अंगणवाडीतून मागून आणलेला. पोर त्यावर उभं राहिलं की काटा थोडा वेळ थरथरतो आणि मग त्याच्या मर्जीनं कुठंतरी थांबतो. आम्ही लिहितो. पुढच्या वर्षी पुन्हा लिहितो. एवढ्या आकड्यांचं पुढं काय होतं, हा प्रश्न मला नोकरीच्या सुरुवातीला पडायचा. मधे बरीच वर्षं पडेनासा झाला होता. आता पुन्हा पडायला लागलाय, आणि त्याला कारण आमच्या गावातली एक म्हातारी आहे. तिच्याकडं येईनच.

मी बालाघाटच्या डोंगररांगेतल्या एका गावात शिकवते. जामखेड इथून एसटीनं तासाभरावर. जमीन मुरमाड, पाऊस त्याच्या सवडीनं, आणि दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला. एवढं सांगितलं की शहरातले पाहुणे लगेच 'मुलं शिकत कशी नाहीत' या विषयावर येतात. मला त्याच्या अलीकडच्या विषयावर बोलायचंय. फळ्याकडं बघणाऱ्या पोराला फळा दिसतो का? सकाळी घरून निघताना त्याच्या पोटात काय होतं? कान फुटलाय म्हणून ते 'ओ' देत नाही, की मुद्दाम देत नाही? शिक्षक म्हणून आपण बऱ्याचदा ज्याला आळस म्हणतो, तो आळस असतोच असं नाही.

तपासणीचा दिवस म्हणजे शाळेत निम्मी जत्रा. गाडी फाट्यावर वळली की पोरांना ती आमच्या आधी कळते. पहिला प्रश्न एकच, "सुई हाय का?" सुई नाही म्हणून कितीही शपथा घेतल्या तरी दोन-चार जण मागच्या भिंतीवरून पसार होतातच. पथकात दोन डॉक्टर, एक नर्स, औषधं देणारा एक जण. पोरं ओळीनं बसतात. जीभ काढ, आ कर, नखं दाखव, डोळ्याची खालची पापणी खाली ओढ. पापणीच्या आतली बाजू लाल हवी. आमच्याकडं ती बहुतेकींची फिक्कट गुलाबी, काहींची चक्क पांढरी. दात किडलेले. डोक्यात उवा, त्या तर असायच्याच. कातडीवर गजकर्ण. मधेच एखादं पोर असं निघतं की डॉक्टर स्टेथोस्कोप छातीवर ठेवून नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहतात.

हे काम फालतू आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. ही पथकं ज्याची, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तो आपल्याच पालघरातून. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. हृदयाला छिद्र असलेली, ओठ फाटलेली, पाय वाकडे असलेली किती पोरं यातून शस्त्रक्रिया होऊन चालती-बोलती झाली. आमच्या पंचक्रोशीतही आहेत. त्यांच्या आईबापांना विचारा हा कार्यक्रम काय आहे ते.

पण तपासणी ही गोष्ट आपल्याला नवी नाही. हिंदुस्थानात शाळेतल्या मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९मध्ये बडोद्यात झाली, म्हणजे सयाजीरावांच्या राज्यात. त्यानंतर सदतीस वर्षांनी, १९४६मध्ये, भोर समितीनं देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा लेखाजोखा मांडला, तेव्हा शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच असं तिला लिहावं लागलं. तपासायचं कसं हे शंभर वर्षं माहीत आहे. अडतं ते दुसऱ्या दिवसापासून.

दुसऱ्या दिवशी हातात एक चिठ्ठी असते. ग्रामीण रुग्णालयात दाखवा. जिल्हा रुग्णालयात दाखवा. चिठ्ठी दप्तरातून घरी जाते, घरी ती चुलीजवळच्या कोनाड्यात जाते, आणि गेली ती गेलीच. आईबाप बेफिकीर असतात म्हणून नव्हे. तालुक्याला जायचं तर एकाचा रोज बुडतो. सोबत लहानगं असलं तर तेही न्यायचं. तिथं आज डोळ्याचे डॉक्टर येतात की उद्या, हे कुणी सांगत नाही. एक खेप वाया गेली की दुसरी होत नाही. शिवाय पोर तर उड्या मारतंय, जेवतंय, मग त्याला झालंय काय? दुखत नसलेल्या गोष्टीसाठी दिवस मोडणं ही चैन आहे, आणि ती परवडते अशी घरं गावात बोटांवर मोजण्याइतकी.

चिठ्ठी आणि दवाखाना यांच्या मधे कोण उभं राहतं, यावर सगळं आहे. आणि हे आमच्या शेजारच्या तालुक्यात पन्नास वर्षांपूर्वी दोघांना कळलं होतं.

रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉक्टर. आधी त्यांनी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षं काम केलं. तिथं त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्यात येणाऱ्यांचे बहुतेक आजार मुळात व्हायलाच नको होते. बरं होऊन गेलेलं पोर काही महिन्यांत तोच आजार घेऊन परत दारात. मग दोघं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७०मध्ये जामखेडला आले. जनावरांच्या एका जुन्या, पडीक दवाखान्यात त्यांनी सुरुवात केली. संस्थेचं नाव मोठं आहे, सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प. पण आमच्याकडं कुणी ते घेत नाही. 'आरोळ्यांचा दवाखाना' एवढंच.

गावोगाव फिरून त्यांनी लोकांना काय हवंय ते विचारलं. लोकांनी डॉक्टर मागितला नाही. पाणी मागितलं, खायला मागितलं. त्यातच १९७२चा दुष्काळ आला. आमच्या पिढीनं तो बघितला नाही, पण सुकडी आणि खडी फोडण्याच्या कामाच्या गोष्टी ऐकल्या नाहीत असं घर या भागात सापडायचं नाही. आरोळ्यांनी तेव्हा लहान मुलांसाठी गावागावांत जेवणाची सोय उभी केली आणि बोअर पाडून हातपंप बसवले. हातपंप बसवताना त्यांनी एक गोष्ट मुद्दाम केली. ते दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. पाणी हवं तर वस्तीत या. दुष्काळात तहान जातीपेक्षा मोठी निघाली, लोक आले. या एका गोष्टीसाठी मला आरोळे दांपत्याबद्दल जे वाटतं ते त्यांच्या १९७९च्या मॅगसेसे पुरस्कारामुळं वाटत नाही. पुरस्कार पुष्कळांना मिळतात.

आरोग्याचं काम गावात कोण करणार, हा पुढचा पेच. शिकलेल्या नर्सबाई गावात पाठवून पाहिल्या. ते नीट जमेना. त्या गावाला परक्या, गाव त्यांना परकं. मग गावानंच आपली एक बाई निवडायची असं ठरलं. निवडून आलेल्या बऱ्याचजणी निरक्षर होत्या, पुष्कळ दलित, काही विधवा, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांना जामखेडला आणून शिकवायचं, गावात पाठवायचं, पुन्हा बोलवायचं, पुन्हा शिकवायचं. मुक्कामाला सगळ्याजणी एका खोलीत, एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या. मराठा, मांग, महार, वंजारी, सगळ्या. पहिल्या पहिल्या रात्री झोप कुणाला लागली नसेल. पण बाळाचं वजन कसं करायचं, हगवण लागली तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, कुष्ठाचा चट्टा कसा ओळखायचा, हे शिकण्याआधी त्या पांघरुणात शिरणं हाच पहिला धडा होता.

संस्थेच्या नोंदी सांगतात की सुरुवातीला तिच्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. पुढच्या पंचवीसेक वर्षांत तो आकडा तिशीच्या आत आला. तिकडं गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं नव्वदीच्या दशकात हेच आणखी काटेकोरपणे दाखवून दिलं. ३९ गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या आरोग्यदूत बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, श्वास मोजले, गरज पडली तर इंजेक्शन दिलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं तेव्हा जगाचा विश्वास बसला. सुरुवातीला म्हटलं त्या म्हातारीला, आमच्या आक्काला, 'लॅन्सेट' माहीत नाही. तिचा विश्वास आधीच बसलेला होता.

तर ही आक्का. नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. ऐन तारुण्यात नवऱ्यानं सोडलेली, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई. गावानं तिला निवडलं ते तिच्यावर विश्वास होता म्हणून नाही, असं तीच सांगते. "दुसरी कुनी जायना, म्हून मला धाडली." जामखेडला जायची तेव्हा आधी एसटीच्या पैशाचे वांदे. परत आल्यावर लोक टिंगल करायचे, खुरपणारी डॉक्टरीण झाली म्हणून. मग एका मोठ्या घरातल्या सुनेचं बाळंतपण अडलं. आक्कानं वेळेवर ओळखलं, बैलगाडीत घालून जामखेडला नेलं, दोघंही वाचली. त्या घरात तोवर तिला ओट्यावरसुद्धा बसू देत नव्हते. नंतर चहा आतल्या कपात मिळाला. ही कपाची गोष्ट ती बाळंतपणापेक्षा जास्त रंगवून सांगते, आणि मला वाटतं तिचं बरोबर आहे.

जामखेडच्याच एका कार्यकर्तीनं अमेरिकेतल्या परिषदेत झुंबर आणि पणतीचा दाखला दिला होता. डॉक्टर म्हणजे झुंबरं, देखणी, महाग आणि उंच. आम्ही पणत्या, एकीवरून दुसरी पेटणाऱ्या. सुरेख आहे, वादच नाही. पण आता ती प्रत्येक भाषणात येते, आणि टाळ्या वाजल्या की लोक पणतीत तेल कोण घालणार हे विचारायचं विसरतात. मला कपाची गोष्ट जास्त खरी वाटते.

आक्का आता सत्तरीच्या पुढं आहे. काम तसं थांबलंय. गावात सरकारनं नेमलेली आशाताई आहे, ती सगळं बघते. पण आशाताईला जिथं अडतं तिथं ती आक्काला घेऊन जाते. शाळेतलं निळ्या गोळ्यांचं प्रकरण असंच.

सहावीपासून पुढच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी द्यायची असते. लहानांना गुलाबी. शिवाय वर्षातून जंताची चघळायची गोळी, तिला पोरांची ना नसते कारण ती गोड लागते. निळीची मात्र सगळ्यांना अढी. देशात १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. आमच्या वर्गात उभं राहून बघितलं तर हा आकडा जास्त वाटत नाही. प्रार्थनेला श्रावणातल्या सोमवारी निदान एक तरी मुलगी चक्कर येऊन खाली बसते.

एका सोमवारी गोळी घेतल्यावर सातवीतल्या एका मुलीला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत. गावात तोवर अफवा पसरलेली की ही गोळी पोरी वांझ व्हाव्यात म्हणून सरकार देतंय. मी तिला हिमोग्लोबिन समजावलं. मुख्याध्यापकांनी परिपत्रक दाखवलं. परिपत्रक बघून तिचा संशय आणखी पक्का झाला, कागदावर शिक्का होता ना. आशाताईनं आक्काला बोलावलं. आक्का आली, व्हरांड्यात पाय पसरून बसली, आणि त्या बाईला पहिला प्रश्न विचारला, "सकाळी पोरीनं काय खाल्लं व्हतं?"

"च्या."

"नुसता?"

बाई गप्प. मग आक्कानं माझ्याकडं हात केला, "द्या एक." मी पुड्यातली गोळी दिली. तिनं ती त्या आईच्या देखत तोंडात टाकली, वर तांब्यातलं पाणी प्याली. "मला आता पोरं व्हायची न्हाईत, तवा माझं काय बिघडायचं न्हाई म्हनशील. पर इख असतं तर मेले असते का न्हाई?" मग आवाज खाली आणून, शी काळी होईल, घाबरायचं नाही, लोखंड आहे ते. उपाशीपोटी द्यायची नाही. खिचडी झाल्यावर द्यायची, वर चहा नाही, लिंबू पिळलेलं काही असेल तर बरं. हे सगळं आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत आहे, शब्दाशब्दानं आहे. पण पुस्तिकेत पुढचं नाही. आक्कानं बोलता बोलता अंगठ्यानं त्या आईचीच पापणी खाली ओढली. आत कागदासारखं पांढरं. "पोरीला नगं म्हनतीस व्हय? तुलाच पायजे आधी. पाळी कवाधरनं अंगावर चाललीय?"

ती बाई तिथंच रडायला लागली. तिचं दुखणं वर्षभराचं होतं, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आशाताई तिला त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात घेऊन गेली.

शाळेचं आरोग्य हे शाळेपुरतं ठेवता येत नाही ते असं. पोराच्या पापणीचा धागा ओढला की आईची पापणी येते, आईच्या मागं घरातलं कुणी आधी जेवायचं, कुणी मागून, हे येतं. तपासणी कार्डावर रकाना पोराचा असतो. जामखेडनं गावातल्या किशोरवयीन मुलींचे गट बांधले, महिला मंडळं बांधली, पुरुषांची शेतकरी मंडळं बांधली, ते हौसेपोटी नव्हतं. मुलीचं लग्न सोळाव्या वर्षी ठरत असेल तर तिला गोळ्या मोजून देण्यात काही अर्थ नाही. तिच्या बापाशीच बोलावं लागतं, आणि बापाशी बोलायला दुसरा बाप लागतो.

आता इथं माझी थोडी तक्रारही आहे. जामखेड, गडचिरोली यांचं बघून सरकारनं २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव 'आशा' नेमली. हजार वस्तीमागं एक. हे फार मोठं काम झालं, कोणत्याही संस्थेला शंभर वर्षांत जमलं नसतं. संस्थांचं कौतुक करणारे हे सोयीनं विसरतात की संस्था तालुका-दोन तालुके बघते, देश नाही. पण सरकारनं बाई घेतली आणि पांघरूण तिथंच ठेवलं. आशाताईचं प्रशिक्षण झालं की तिच्या हातात फॉर्म. मोबदला काही ठरलेला, काही कामागणिक, तोही येईल तेव्हा. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांना मानाचा पुरस्कार दिला, आणि २०२४मध्ये राज्यातल्या आशा मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या होत्या. आमच्या आशाताईला मी विचारलं, पुरस्काराचं तुला कुणी सांगितलं होतं का? म्हणाली, "ग्रुपवर फोटो आलता." मग मोबाइल वर करून रेंज शोधायला लागली. त्या दिवशीची माहिती संध्याकाळच्या आत भरायची होती.

तिच्याबद्दल एक सांगते म्हणजे ती काय चीज आहे ते कळेल. पाचवीतली एक मुलगी, हुशार, पाढे तोंडपाठ, पण फळ्यावरचं उतरवताना शेजारणीच्या वहीत डोकावायची. डोळे तपासताना ते इंग्रजी ई अक्षराचे चार दिशांना तोंड केलेले तक्ते असतात, पोरानं हातानं दिशा दाखवायची. ही पठ्ठी पुढच्या पोराचा हात कुठं वळतो ते बघून ओळ पाठ करून आली होती! आशाताईनं तक्ता उलटा धरला तेव्हा पितळ उघडं पडलं. मोठा नंबर निघाला. तालुक्याला नेऊन नंबर काढणं, चष्म्याची नोंद, सगळं आशाताईनं केलं, स्वतःच्या पदरच्या एसटीच्या पैशानं. चष्मा फुकट मिळतो, पण लगेच मिळत नाही. तो येईतो दिवाळी होऊन गेली आणि मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली.

ऊसतोडीचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, त्या कोयत्यावर आधीच उचल देतो, आणि ती फिटेतो जावं लागतं, आजारी असा, गरोदर असा. मागं म्हातारंकोतारं कुणी असेल तर पोरं गावात राहतात, हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर तिथं जेवतात. नसेल तर पोरं बरोबर. फडाजवळ कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी घालायची, पहाटे तीनला उठायचं, लहान भावंडाला मोठीनं सांभाळायचं. या पोरांसाठी कारखान्याजवळ काढलेल्या साखरशाळा काही ठिकाणी चालल्या, काही बंद पडल्या. लसीकरणाचं कार्ड, शाळेची नोंद, तपासणीची चिठ्ठी, यातलं काहीही माणसाच्या मागं फडावर जात नाही. चार-पाच महिने ही पोरं कुठल्याच गावाची नसतात.

आशाताईनं मुकादमाला फोन लावला, कोल्हापूरकडच्या कुठल्या कारखान्यावर टोळी आहे ते काढलं, आणि गावातून माल घेऊन जाणाऱ्या टेम्पोवाल्याकडं चष्म्याची डबी दिली. डबी पोचली. पाडव्याच्या आगेमागे कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळ्या परतल्या, मुलगी शाळेत आली. चष्मा नाही. घरी जाऊन पाहिलं तर पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीत, डबीसकट जसाच्या तसा. आई म्हणाली फडात फुटला असता. बाप काही बोलला नाही, पण आक्कानं त्याच्याकडून काढून घेतलंच. चष्म्याची पोर म्हणून उद्या सोयरीक जुळायची नाही, हे त्याच्या मनात.

आक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तिला जाड भिंगांचा चष्मा आहे. तो काढून तिनं त्याच्या हातात दिला. "ह्यो घालून म्या तुझ्या धाकट्याची नाळ कापली. तवा न्हाई म्हनाला का, की आक्का चष्म्याची हाय म्हून?" बाप हसला. काम झालं असं नाही, पण मुलगी दुसऱ्या दिवशी चष्मा लावून आली. पहिल्या तासाला हात वर केला. "मॅडम, फळ्याला तडा गेलाय." तो तडा मी रुजू झाले तेव्हापासून आहे.

यावरून आम्हा तिघींचं एक ठरलं. तपासणी दसऱ्याच्या आत व्हायला हवी. नंतर होणारी तपासणी म्हणजे मागं राहिलेल्या पोरांची तपासणी, आणि ज्यांना तिची जास्त गरज ती पोरं त्या दिवशी उसाच्या फडात. मी पथकाला फोन करून भाद्रपदात या म्हटलं. डॉक्टर भला माणूस आहे, तरुण आहे, म्हणाला, "मॅडम, रूट वरून ठरून येतो. एका गाडीवर किती शाळा आहेत माहितीये का?" माहीत आहे. त्याचं खोटं नव्हतं. तरी लेखी अर्ज दिलाय, ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत जोडून. ठराव महिला ग्रामसभेत झाला. तिथं आक्का उभी राहिली की पुरुषसुद्धा बसून घेतात.

अर्जाचं उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर आम्ही शाळेच्या लांब भिंतीवर तो ई अक्षरांचा तक्ता रंगवून घेतलाय, समोर सहा मीटरवर पांढरी रेघ मारलीय. रंगवताना पेंटरनं एक ई चुकून सरळ ओळीतच दोनदा काढला, तो तसाच आहे. पाठ करणाऱ्यांची त्यामुळं पंचाईत होते, बरंच झालं. डोळे, वजन, पापणी, कान, एवढं आशाताई आणि मी मिळून बघतो. जास्त काही असलं तर टोळी निघायच्या आत तालुक्याला खेप. आणि जी पोरं जाणार त्यांचं एक कार्ड करायचं, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून आईच्या हातात द्यायचं. त्यावर पोराचं वजन, लस कुठली राहिलीय, गोळ्या किती बरोबर दिल्या, आशाताईचा नंबर. दुसऱ्या बाजूला कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा नंबर, म्हणजे इकडून फोन करून पोरगी कशी आहे ते विचारता येईल.

कार्डं झाली. मुकादम मात्र नंबर द्यायला तयार होईना, उगाच सरकारी लचांड मागं लागायचं म्हणून. आक्कानं तो त्याच्या बायकोकडून आणला. तिची दोन्ही बाळंतपणं आक्कानंच केली होती.